१ जूनची दीपमाळ

३१ मेची रात्र सरते न सरते तोच महाराष्ट्रातल्या व्हॉट्सॲप गटांवर केकचा वर्षाव सुरू होतो. आधी थोरल्या मामांना शुभेच्छा, पाठोपाठ धाकट्या मामांना, मग गावच्या माजी सरपंचांना, मग निवृत्त मुख्याध्यापकांना, त्यांच्या व्याह्यांना आणि व्याह्यांच्या दोन्ही भावांना. सकाळी आठच्या सुमारास कोणीतरी कंटाळून 'आज ज्यांचे ज्यांचे वाढदिवस आहेत त्या सर्वांना' असा ठोक भावात आशीर्वाद देऊन मोकळा होतो. घरात नव्याने आलेली शहरी सून हे सगळं बघत असते. एका तारखेला इतकी माणसं जन्मली कशी, म्हणून ती बोटांवर नऊ महिने मागे मोजते, गणपतीपाशी येऊन पोचते आणि गप्प बसते.

खरं कारण गणपतीचं नाही, गुरुजींचं आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९चा. तो गावोगावी मुरायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर पोराला शाळेत आणून उभं केलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, एवढीच ती परीक्षा. तारीख विचारली तर आई सांगे, 'भुईमूग काढायला गेले होते तेव्हा झाला.' बाप सांगे, 'पानशेत फुटलं त्या साली.' पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला, कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, मोठा दुष्काळ १९७२चा, आणि त्याआधीच्या पिढ्यांचं काम १९१८च्या मानमोडीच्या साथीवर भागत असे. पण शाळेच्या दाखल्यावर 'जन्मतारीख: मानमोडी' असं लिहिता येत नाही. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी सहा वर्षं मागे जात, टाक शाईत बुडवत आणि झोकात लिहीत: १ जून.

अख्ख्या गावाला एकच जन्मतारीख देणारा हा जगातला एकमेव ज्योतिषी असावा. आणि त्याचं भाकीत दिवसासकट खरं ठरलं. महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याला आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निरोप देतात. म्हणजे गुरुजींनी ज्यांना एका दिवशी पहिलीत बसवलं ते बावन्न वर्षांनी एकाच दिवशी घरी बसले. ३१ मेला जिल्ह्याच्या ठिकाणी शाली, नारळ आणि भाषणं करू शकणारे साहेब, तिन्हींचा तुटवडा पडतो.

आता कोणी हे सगळं कागदावर मांडायचं ठरवलं, आडव्या रेषेवर वर्षाचे दिवस आणि उभ्या रेषेवर माणसं, तर कसं दिसेल? जानेवारीपासून मेपर्यंत सपाट माळ, जुलैपासून डिसेंबरपर्यंत सपाट माळ, आणि मध्ये १ जूनला एकटीच उभी दीपमाळ. कान धरलेली ती सगळी पोरं तिच्यावर एकाच्या डोक्यावर एक बसलेली.

महाराष्ट्रात दहावी झालेल्या प्रत्येकाने अशी चित्रं काढलेली आहेत. पुस्तकात त्यांना आयतालेख म्हणतात, इंग्रजी माध्यमवाले हिस्टोग्राम म्हणतात, आणि दोन्ही माध्यमांत वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं राहून गुण जातो. चित्राच्या आधी येते वारंवारता सारणी. ('वारंवारता' हा शब्द तीनदा भरभर म्हणून पाहावा, तिसऱ्यांदा त्यातला एक 'र' गळून पडतो.) सारणीला तीन रकाने: वर्ग, ताळ्याच्या खुणा आणि वारंवारता. यातला मधला रकाना सगळ्यात जुना. चार रेघा उभ्या ओढायच्या आणि पाचवी तिरकी, म्हणजे मळ्याचं फाटक तयार. पुस्तकाच्या कितीतरी आधी दुधाचा रतीब घालणाऱ्याने घरोघरच्या भिंतींवर कोळशाने हेच काम केलेलं आहे. चीन-जपानात याच कामासाठी पाच रेघांचं एक अक्षर रेघेरेघेने पुरं करतात. सगळीकडे आकडा पाच, कारण सगळीकडच्या हाताला बोटं पाच.

भिंती रंगवल्या गेल्या तशी ही सारणी भिंतीवरच्या कॅलेंडरात गेली. जूनचं पान घ्या. तीस चौकोन, आणि प्रत्येकात घरच्या बाईने बारीक अक्षरांत लिहिलेलं दूध. एक लिटर एकवीस दिवस, दीड लिटर पाच दिवस, दोन लिटर तीन दिवस, आणि एका चौकोनात नुसतं शून्य. २१, ५, ३ आणि १ मिळून ३०, ताळा जुळला. पण सारणी बोलते ती याच्या पुढे. दीड लिटरचे पाच दिवस सलग आहेत, म्हणजे नणंद आली होती. दोन लिटरचे तीन दिवस त्यानंतरचे, म्हणजे नणंदेचे यजमान तिला न्यायला आले आणि लगेच गेले नाहीत. शून्याच्या दिवशी घरातले सगळे त्यांना पोचवायला स्टेशनवर.

याचं चित्र काढलं तर तो आयतालेख होत नाही, हे गणिताचे शिक्षक हातातला खडू उगारून सांगतील. दूध एक, दीड, दोन अशा उड्या मारतं. त्याचा होतो स्तंभालेख. त्यातले खांब सुटे असतात, सोसायटीतल्या बंगल्यांसारखे, मध्ये मोकळी जागा सोडून. या बंगल्यांचा पहिला नामांकित बिल्डर विल्यम प्लेफेअर. त्याने १७८६ साली स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचे असे पट्टे काढले. स्वतः मात्र धंद्यात सारखा बुडत राहिला आणि कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला. आयतालेख ही चाळ आहे. उंची, वजन, वय, पाऊस यांसारखी न तुटता वाहणारी मापं तिथे राहायला येतात, आणि खोलीला खोली लागून, मधली भिंत सामाईक. एका वर्गाची वरची मर्यादा ती दुसऱ्याची खालची मर्यादा. साहजिकच भांडणं त्या भिंतीवरच होतात.

चाळीला एक खोड आहे. वर्ग पन्नासपासून सुरू होत असतील तर शून्य ते पन्नास एवढी आडवी रेषा रिकामी ठेवावी लागते आणि कागद वाया जातो. म्हणून शून्यानंतर रेषेवर एक छोटी नागमोडी खूण करून एकदम पन्नासला यायचं. या खुणेचं मराठी नाव आहे 'अक्षसंकोच चिन्ह'. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्या मनात आखडणं असावं, पण मराठी माणसाला त्यात दुसराच संकोच ऐकू येतो. उसने दिलेले पैसे परत मागायला गेलेला माणूस 'सहज आलो होतो' म्हणत दारात जसा अंग चोरून उभा राहतो, अगदी तसा तो अक्ष दिसतो.

वर्ग पाडणं ही मराठीला शाळेने शिकवलेली गोष्ट नाही. भाषेच्या पोटातच वर्ग आहेत आणि तेही बरोबर दहा-दहाचे: विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी. त्यातल्या चाळिशीला तर नाकावर घालायचा चष्माही जोडून दिलेला आहे, म्हणजे वर्ग लांबूनच ओळखू यावा. 'त्या तिशीतल्या वाटतात' हे वाक्य म्हणजे ३० ते ४० या वर्गात एक ताळ्याची खूण. फक्त मर्यादांची शिस्त भाषा पाळत नाही. 'चाळिशी गाठली', 'चाळिशी आली', 'चाळिशी लागली' आणि 'चाळिशी उलटली' ही चार वयं आहेत की एकच, हे ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याच्याशी असलेल्या नात्यावर ठरतं.

वयापलीकडे गेलं की मराठी वर्गांना ताळतंत्र राहत नाही. दोन-चार, चार-दोन, दहा-पंधरा, शे-दीडशे इथपर्यंत ठीक; पण 'पाच-पंचवीस माणसं' हा कोणता वर्ग? खालची मर्यादा पाच, वरची पंचवीस, अंतर वीस. आणि 'पाच-पन्नास' तर पाचावरूनच निघतो आणि पंचेचाळीस पावलं चालतो. दोन्ही वर्ग एकमेकांत घुसलेले, पण बोलणारा आणि ऐकणारा यांना काडीची अडचण येत नाही. अडचण येते केटररला. तो विचारतो, 'पानं किती?' वधूपिता म्हणतो, 'असतील पाच-सहाशे.' ही शंभराची रुंदी केटररच्या छातीवर उतरते. तो साडेपाचशे धरतो. हे पुस्तकातलं वर्गमध्य. त्याने ते कधी वाचलेलं नसतं.

जनगणनेचं काम करणाऱ्यांना हा मराठी, आणि एकूणच भारतीय, स्वभाव शंभर वर्षांहून अधिक काळ छळतो आहे. दारात उभ्या असलेल्या प्रगणकाने वय विचारलं की आतून उत्तर येतं, 'लिहा चाळीस.' मग कोणीतरी दुरुस्ती करतं, 'चाळीस कसं, पंचेचाळीस तरी असेल.' एक्केचाळीस कोणी म्हणत नाही. वर्षावर्षाचे वर्ग पाडून चित्र काढलं तर वीस, पंचवीस, तीस, पस्तीस या वयांवर सुळके आणि मधली वयं खड्ड्यात. अख्ख्या देशाच्या वयाची फणी. लोकसंख्याशास्त्रात या खोडीसाठी व्हिपल निर्देशांक नावाचं मोजमाप आहे. २३ ते ६२ वयाच्या लोकांत शून्य आणि पाचने संपणारी वयं किती जणांनी सांगितली ते पाहायचं. कोणालाच गोल आकड्याचं वेड नसेल तर निर्देशांक १००, सगळेच तसे असतील तर ५००. गंमत म्हणजे जनगणनेचं तेच चित्र दहा-दहाच्या वर्गांत काढलं की फणीचे दात दिसेनासे होतात आणि लोकसंख्या गुळगुळीत, सुसंस्कृत दिसू लागते. १ जूनच्या दीपमाळेचंही तसंच. महिन्यांचे वर्ग केले तर जून जरा अंगाने भरलेला वाटतो, वर्षांचे केले तर दीपमाळ विझलीच.

मग वर्ग किती रुंद ठेवायचा? देवगड-रत्नागिरीचा आंबेवाला हा प्रश्न पेटीने सोडवतो. फळं वजनाप्रमाणे लावायची. मोठी फळं पेटीत चार डझन बसतात, त्याहून लहान पाच, त्याहून लहान सहा. पेटी तीच, आणि आत किती मावले यावरून गिऱ्हाइकाला वर्ग कळतो आणि भाव ऐकून स्वतःचाही. हर्बर्ट स्टर्जेस याने १९२६ साली वर्ग किती पाडायचे याचं सूत्र दिलं: एकूण संख्येचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्या, ३.३२२ने गुणा, त्यात १ मिळवा. साठ मुलांच्या वर्गातल्या गुणांचे साधारण सात वर्ग पडतात, शंभर मुलांचे आठ. शाळेत इतकं कोणी करत नाही. कागदावर जेवढे चौकोन उरलेत तेवढे वर्ग, हे सूत्र सर्वमान्य आहे.

रुंदी ठरली तरी भिंतीचं भांडण उरतंच. १० ते २० आणि २० ते ३० असे दोन वर्ग असतील तर वीस गुणांचा मुलगा कुठे? नियम सांगतो, वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही. वीसवाल्याला पुढच्या वर्गात टाका. यालाच शाळेच्या भाषेत 'वर ढकलणं' म्हणतात. दुसरी रीत १० ते १९ आणि २० ते २९ अशी. यात वीसवाला सुखी, पण साडेएकोणीसवाला दोन खोल्यांमधल्या बोळात उभा. मग भिंती अर्ध्या-अर्ध्याने सरकवून वर्ग सलग करायचे, ९.५ ते १९.५, १९.५ ते २९.५. दहावीच्या परीक्षेत हे न केल्यास गुण जातात, आणि मग तो मुलगा स्वतःच एका वर्गातून दुसऱ्यात जातो.

गुणांच्या भिंतींपैकी महाराष्ट्रात सगळ्यात जाड भिंत पस्तीसची. तिला 'काठ' म्हणतात, कारण लोक तिच्यावर येऊन पास होतात. दरवर्षी निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दोन फोटो असतात. एक नव्व्याण्णव टक्केवालीचा, तिच्या तोंडात पेढा. दुसरा सगळ्या विषयांत नेमके ३५ मिळवणाऱ्या वीराचा, आणि तो लोकांच्या खांद्यावर. गणिती दृष्टीने दुसरा पराक्रम मोठा आहे. नव्व्याण्णव टक्क्यांसाठी अभ्यास पुरतो. सहाही विषयांत पस्तीससाठी अभ्यास, नशीब, सवलतीचे गुण आणि सहा वेगवेगळ्या परीक्षकांचं काळीज यांचा योग जुळून यावा लागतो.

परीक्षकांच्या काळजाचा आयतालेख पोलंडमध्ये छापून येत असे. तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत शाळा संपताना पोलिश भाषेची ७० गुणांची परीक्षा असे आणि पास व्हायला ३० टक्के, म्हणजे २१ गुण लागत. निकालाची चित्रं परीक्षा मंडळ स्वतःच प्रसिद्ध करत असे. घंटेसारखा सुबक डोंगर, आणि त्याच्या डाव्या उताराला एका जागी कोणी चावा घेतलेला. १९ आणि २० गुणांवर जवळपास सामसूम, आणि २१वर एकदम बुरूज. निबंधात एक-दोन गुण शोधले तर सापडतात, हे जगातल्या सगळ्या मास्तरांना माहीत आहे. उत्तर-दक्षिण भेद इथे नाही.

आपल्याकडचा किस्सा याहून चमत्कारिक. २०१३ साली अमेरिकेत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने देशपातळीवरच्या एका मंडळाचे दहावी-बारावीचे निकाल इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि एका-एका गुणाचा वर्ग करून आयतालेख काढला. फणी! ८१, ८२, ८४, ८५, ८७, ८९, ९१, ९३ हे गुण लाखाहून अधिक मुलांत कोणालाच मिळालेले नव्हते. गुण वरखाली करून समतोल आणताना काही आकडे गाळले गेले होते आणि कोणाच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं. गुणपत्रिका हातात धरून ८३ बघणाऱ्या मुलाला ८२ अस्तित्वातच नाही हे कसं कळणार? आणि पेढे वाटणाऱ्याला ते कळून करायचंय काय?

असली लबाडी चित्रावरून पहिल्यांदा पकडणाऱ्यांत बेल्जियमचा अदॉल्फ केतले होता. पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पण ताऱ्यांपेक्षा माणसं मोजण्यात त्याला जास्त रस. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांची सारणी त्याने १८४६ साली छापली आणि मापं मधल्या आकड्याभोवती डोंगरासारखी रचलेली दाखवली. (मूळ आकडे उतरवून घेताना त्याच्या हातून गडबड झाली होती, डोंगर तरीही सुबक आला.) मग त्याने फ्रान्समध्ये सैन्यभरतीला आलेल्या लाखभर तरुणांच्या उंचीकडे मोर्चा वळवला. तिथे उंचीची किमान अट होती १५७ सेंटिमीटर. केतलेच्या डोंगरात त्या रेघेच्या जरा वर खड्डा होता आणि जरा खाली तेवढाच ढीग. त्याने हिशोब मांडला: लाखातले सुमारे दोन हजार तरुण मापपट्टीपुढे उभे राहताना अचानक बुटके झाले होते. गुडघे वाकवून म्हणा, खांदे पाडून म्हणा, मोजणाऱ्याच्या हातावर काही ठेवून म्हणा. हीच उंची लग्नाच्या बाजारात उलट्या दिशेने वाहते. तिथे १५७ सेंटिमीटरचा मुलगा कधीच नसतो. सगळे पाच फूट सातच्या वर.

'हिस्टोग्राम' हे नाव दिलं ते लंडनच्या कार्ल पिअर्सनने, १८९०च्या दशकात. पुस्तकातल्या मध्य, मध्यक, बहुलक या त्रिकुटातलं बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेलं माप, तेही त्याच्याच शब्दाचं मराठी भाषांतर. नाणेफेकीत छापा-काटा खरोखर निम्मेनिम्मे पडतो का हे पाहायला त्याने नाणं २४,००० वेळा उडवलं. छापा आला १२,०१२ वेळा. घरच्या मंडळींनी या काळात काय केलं, याची सारणी उपलब्ध नाही.

पिअर्सनचं सगळ्यात बहारीचं प्रकरण मोंटे कार्लोच्या जुगाराचं. तिथल्या रूलेटच्या चाकावर कोणता रंग कधी आला याचे आकडे एका पत्रकात छापून येत. पिअर्सनने ते घेतले आणि लाल रंग सलग किती वेळा आला, काळा किती वेळा, याची वारंवारता सारणी केली. खऱ्या चाकावर एकच रंग दोन-दोन, तीन-तीन वेळा ओळीने यायला हवा तितका येत नव्हता. रंग फारच सभ्यपणे आळीपाळीने येत होते. १८९४ साली त्याने लेख लिहून जाहीर केलं की हे चाक निसर्गनियमाला धरून नाही, जुगारखाना बंद करावा आणि उरलेले पैसे संभाव्यतेच्या प्रयोगशाळेला द्यावेत. पुढे सांगितली जाणारी हकीकत अशी की चाक निर्दोष होतं. आकडे टिपायला पाठवलेले वार्ताहर टेबलाजवळ बसण्याऐवजी मद्याच्या पेल्याजवळ बसून मनाने लाल-काळं लिहीत होते. मनाने लिहिणाऱ्याला ओळीने लाल लिहीत जाण्याचा धीर होत नाही. तो लाल लिहितो, मग माणुसकी म्हणून काळा. ३१ मार्चच्या आत भेटींची नोंदवही भरून टाकणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट कपाटावर चिकटवून ठेवावी.

पिअर्सनने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उभ्या केलेल्या संख्याशास्त्राच्या विभागातून १९३६ साली पीएचडी घेऊन बाहेर पडलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांचा जन्मही साताऱ्याचाच. १९८०च्या सुमारास हे दोघे एका आयतालेखावर रेघ कुठे मारायची यावरून हातघाईवर आले, आणि इथे विनोदाने जरा बाजूला बसावं. देशातली माणसं रोज किती उष्मांक खातात याचं चित्र काढलं की डावीकडे अर्धपोटी माणसांची शेपटी येते. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१च्या त्यांच्या गाजलेल्या अभ्यासात २,२५० उष्मांकांची रेघ धरली होती. सुखात्म्यांचं म्हणणं, गरज प्रत्येकाची वेगळी आणि एकाच माणसाचीही रोज वेगळी; सरासरीपाशी रेघ मारली तर धडधाकट माणसंही उपाशी मोजली जातील, म्हणून रेघ बरीच डावीकडे हवी. दांडेकरांना यात भुकेलेली माणसं कागदावरून पुसली जाताना दिसली. सरकवायची होती ती पेन्सिलीची एक रेघ, पण त्या रेघेच्या दोन जागांमध्ये कोट्यवधी माणसं बसलेली होती.

महसूल खात्याची रेघ ६५ मिलिमीटरवर आहे. एखाद्या महसुली मंडळात २४ तासांत त्याहून जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी, मग पंचनामे, मग मदत. पर्जन्यमापक मंडळात एका जागी उभा, आणि शेतं कोसावर पसरलेली. ज्याचं सोयाबीन गुडघाभर पाण्यात आहे तो तलाठ्याला विचारतो, 'किती?' तलाठी म्हणतो, 'चौसष्ट.' त्या एका मिलिमीटरवर पुढचे तीन महिने पारावर चर्चा होते. हवामान खात्याच्या रेघा आणखी वेगळ्या: ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्यापुढे टोकाचा जोरदार. शेवटच्या वर्गाला वरची भिंतच नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो त्याच वर्गात, आणि २०५ मिलिमीटरही त्याच वर्गात. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर म्हणजे साधा जोरदार. पन्नास-पन्नासचे वर्ग पाडले तर कुलाबा दुसऱ्या खोलीत आणि सांताक्रूझ एकोणिसाव्या. अक्षाने कितीही संकोच केला तरी एका पानावर मावत नाहीत.

रेघ दिसली की पाय आपोआप तिच्याकडे वळतात, हे मॅरेथॉनवाल्यांनी तर पायांनीच सिद्ध केलं. जवळजवळ एक कोटी धावपटूंच्या वेळा गोळा करून अभ्यासकांनी २०१७ साली आयतालेख छापला. चार तासांच्या जरा आधी उंच बुरूज, चार तासांच्या जरा नंतर दरी. तीन तासांना तेच, साडेचारलाही तेच. बेचाळीस किलोमीटर पळून जीभ बाहेर आलेला माणूस मनगटावर ३:५८ पाहतो आणि कुठून कोण जाणे, धाव घेतो. ४:०३ दिसलेला चालू लागतो. त्याला आता कोणी वर ढकलणारं नसतं.

आणि ३१ मेचा निरोप समारंभ. जिल्ह्याच्या ठिकाणचं एक कार्यालय, पंख्याखाली सतरंजी, टेबलावर फुलांचे हार. आस्थापना शाखेतल्या मोठ्या बाबूंनी महिनाभर आधीच सेवापुस्तकं उघडून यादी केलेली: अमुक शाखा, उभी रेघ, तमुक शाखा, उभी रेघ, पाचवी तिरकी. दोन फाटकं झाली. दहा हार, दहा शाली, दहा नारळ, सगळं पाकिटाच्या पाठीवर लिहून शिपायाला बाजारात धाडलेलं, परत आल्यावर मोजून घेतलेलं, ताळा जुळलेला. साहेबांनी नावं पुकारली, एकेकाने पुढे येऊन शाल घेतली, फोटो झाले. शेवटचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टेबलावर काही उरलेलं नव्हतं. मोठे बाबू पाकीट वर धरून चष्म्यातून रेघा पुन्हा मोजत होते, आणि साहेब त्यांच्याकडेच बघत त्यांचंच नाव दुसऱ्यांदा पुकारत होते.